अंजनाच्या कमरेचा पट्टा

मित्रांनो, बाळाच्या कमरेला करदोडा बांधतात, तो तुम्ही पाहिला असेल. बाळ अंगानं भरलं की करदोडा घट्ट होतो आणि आई कौतुकानं म्हणते, "वाढला गं माझा सोन्या!" मीही तसाच एक करदोडा आहे. फरक एवढाच, की मी दोऱ्याचा नाही, पोलादाच्या पातळ पट्टीचा आहे. आणि माझं बाळ म्हणजे तुमच्या पणजोबांहून म्हातारं असं अंजनाचं एक झाड आहे. आता मी जुना झालोय. माझ्या स्प्रिंगेत पहिला जोर राहिलेला नाही. पण या डोंगरावर मी जे अनुभवलं, ते आठवलं की आजही माझ्या अंगातून झंकार उठतो. देवाची लीला दुरून पाहणारे पुष्कळ असतात. मला ती मिठीत घेऊन पाहायला मिळाली.

माझा जन्म शहरात झाला. त्या वेळी त्याला औरंगाबाद म्हणत, आता छत्रपती संभाजीनगर म्हणतात. तिथं रोशन गेटजवळच्या एका बोळात जहांगीर मिस्त्रींचं लोखंडी संदुकांचं दुकान होतं. एका दुपारी पुंडलिकनगरातली मृण्मयी नावाची मुलगी स्कूटीवरून तिथं आली. ती जंगलातल्या झाडांचा अभ्यास करायची. झाडांना बांधायचे पट्टे परदेशातून मागवायचे, तर ते येईपर्यंत पावसाळा उलटून गेला असता. म्हणून ती मिस्त्रींकडं आली होती.

"किसकी कमर का नाप है, बेटी?" मिस्त्रींनी तिनं दिलेला दोरा हातात धरून विचारलं.

"सागाच्या झाडांचं, चाचा. आणि हा एक दोरा अंजनाचा."

मिस्त्रींची हातोडी थांबली. "झाडां कू कमरपट्टा? मैं तो समझा, घर में शादी है!"

मृण्मयी हसली. मग तिनं समजावून सांगितलं, की झाड जाड झालं तर पट्ट्याचं टोक सरकलं पाहिजे आणि झाड आकसलं तर स्प्रिंगेनं पट्टा ओढून धरला पाहिजे. पण सालीला काच मात्र पडता कामा नये.

"हौ," मिस्त्री म्हणाले. "मतलब पकडना बी, और छोडना बी. ये तो माँ-बाप का काम बोल रही तू!"

त्या दिवशी त्यांनी आम्हा सगळ्या पट्ट्यांच्या कडा कानशीनं घासघासून गोल केल्या. संदुकीच्या कडांना त्यांनी कधी इतका वेळ दिला नसेल. "झाड बोलता नहीं," ते स्वतःशीच पुटपुटत होते, "इसलिए ज्यादा संभालना."

मग मृण्मयीच्या पिशवीतून आम्ही क्रांती चौकातून निघालो ते थेट कन्नडच्या वाटेला लागलो. समोरून खडीनं भरलेले ट्रक एकामागून एक येत होते. शहरात इमारती उठत होत्या आणि त्यांच्यासाठी आसपासच्या टेकड्या फुटत होत्या. मला तर वाटलं, डोंगरच गाव सोडून शहरात राहायला निघालेत.

कन्नडच्या पुढं डोंगराच्या कुशीत खोरवाडी नावाची छोटी वस्ती आहे. वस्तीच्या वर गायरानाचा उघडा उतार आहे. त्या उतारावर सागाची मोजकी जुनी झाडं विखुरलेली होती, आणि अगदी वर, जिथं माती संपून खडक सुरू होतो, तिथं एकटं अंजनाचं झाड उभं होतं. या उतारावर दोघांचा डोळा होता. एका खाणवाल्याला तो फोडून खडी करायची होती. आणि वस्तीतल्या बायकांना तिथं रान हवं होतं. सरपणासाठी, शेळ्यांच्या पाल्यासाठी, आणि आटत चाललेल्या झऱ्यासाठी. बायकांनी रोपं मागितली, तेव्हा वनखात्याच्या कचेरीतून उत्तर आलं होतं, की इथं झाडं जगतील असं कुणी शास्त्रानं सांगितलं तर रोपं देऊ. ते सांगण्याचं काम मृण्मयीकडं आलं होतं.

काम सोपं नव्हतं, मित्रांनो. आज झाड हिरवं आहे, हे कुणीही सांगेल. पण ऊन वर्षागणिक तापत चाललंय, पाऊस एका दिवसात धो धो कोसळतो आणि पुढं महिनाभर तोंड दाखवत नाही. असंच चालू राहिलं, तर आणखी तीस-चाळीस वर्षांनी या जागेत किती कस उरेल? कोणतं झाड इथं अंग धरेल आणि कोणतं नुसतंच झुरेल? याचा अंदाज बांधायचा, तर आधी झाडांना विचारावं लागतं. आम्ही पट्टे म्हणजे तिचा तो प्रश्न होतो.

बाकीचे पट्टे सागांना बांधले गेले. मी अंजनाच्या वाट्याला आलो. काळसर, खरबरीत, थंड साल. मृण्मयीनं मला बसवलं, स्प्रिंग अडकवली, टोकाशी खुणेची बारीक रेघ ओढली, खोडावर हात ठेवून क्षणभर डोळे मिटले आणि ती उतरून गेली.

दुसऱ्या दिवशी सूर्य वर आला आणि माझ्या मिठीतलं ते अवाढव्य खोड आकसलं! केसाच्या जाडीहूनही कमी, पण आकसलं. मी घाबरलो. वाटलं, मी फार आवळलं की काय. ऊन कलल्यावर ते हळूहळू पुन्हा भरलं आणि पहाटेपर्यंत होतं तसं झालं. मग रोज तसंच. दिवसा पानं पाणी वर ओढून घेतात तेव्हा खोड आवळतं. सूर्य मावळला की मुळं खालून पाणी भरतात आणि खोड फुलतं. बाहेरून पाहणाऱ्याला झाड दगडासारखं स्थिर दिसतं. आणि इथं माझ्या मिठीत ते श्वास घेत होतं! दिवसाकाठी एकच श्वास. किती संथ, किती मोठा! आपण ज्याला देव म्हणतो, तो असाच सावकाश श्वास घेत असेल, असं मला तेव्हापासून वाटत आलंय.

पहिल्या पावसाळ्यात खोरवाडीत बरा पाऊस झाला. सगळी झाडं वाढली. पण थोड्याच दिवसांत एका सागाची स्प्रिंग कुणीतरी काढून नेली. मृण्मयीला काळजी लागली. तिनं घरी जाऊन आईला गळ घातली, "आई, तुझं लोक ऐकतात. एकदा कीर्तनात सांग ना, पट्ट्यांना हात लावू नका म्हणून."

तिची आई म्हणजे भानुमतीबाई. माहेर देवगाव रंगारीचं; वडील तिथल्या देवळात कीर्तन करायचे. बाईंनी शहरात बँकेत नोकरी केली, निवृत्त झाल्या, पण वडिलांची झांज खाली ठेवली नाही. त्या खोरवाडीच्या मारुतीच्या देवळात आल्या. देवळाच्या कर्ण्यातून त्यांचा आवाज डोंगरावर माझ्यापर्यंत पोहोचला. अहाहा! काय तो आवाज! पूर्वरंगात त्यांनी जीवदयेचा विषय लावला, आणि उत्तररंगात वाटसरूला पाणी पाजणाऱ्या एका गरीब बाईची गोष्ट अशी रंगवली, की मधूनच झांजेचा नाद थांबला तरी कुणी खोकत नव्हतं.

"मायबाप हो," बाई म्हणाल्या, "ज्याच्या गळ्यात माळ, त्याला आपण कधी दुखावतो का? तुमच्या डोंगरावरची झाडं परवा माळकरी झाली. माळ त्यांच्या कमरेला आहे, एवढंच! माळकऱ्याची माळ ओढायची नाही. माळकऱ्याला तहानेलं दारावरून परत लावायचं नाही. आणि पाणी पाजलं तर त्याचा बोभाटा करायचा नाही. बोभाटा केला की पुण्य ओंजळीतून गळून जातं!"

खोरवाडीनं ते शब्द नुसते ऐकले नाहीत, मनावर कोरून घेतले. त्या दिवसापासून एकाही पट्ट्याला कुणी हात लावला नाही. मृण्मयी आनंदली. आणि इथंच पुढच्या घोटाळ्याची पेरणी झाली.

पुढच्या वर्षी पाऊस रुसला. मृगानं फसवलं, आर्द्रा कोरड्या गेल्या. विहिरींचे तळ दिसायला लागले. वस्तीत टँकर सुरू झाला. टँकर आला की हंड्यांची रांग, ढकलाढकली, शिव्याशाप. पण त्याच ओढाताणीतून एकेक बाई गपचूप घागर बाजूला काढी आणि दिवस उगवायच्या सुमारास उतार चढू लागे. घराघरानं एकेक सागवान वाटून घेतला होता, सप्ताहात घराघरानं पंगती वाटून घ्याव्यात तसा. बुंध्याशी पाणी ओतायचं, हात जोडायचे, परत फिरायचं. बोलायचं नाही. आपल्या वाट्याचं पाणी कमी करून रानातल्या झाडाला पाजणारी ती माणसं पाहून मी गहिवरून जाई.

त्या बायकांमध्ये पुढं असायची लक्ष्मीबाई. अंगानं काटकुळी, तोंडानं खट्याळ. तिनं खालच्या बाजूचा एक मोठा साग घेतला होता. एकदा घागर रिकामी करून तिनं मान वर करून आमच्याकडं पाहिलं. आम्ही तर कड्याच्या टोकाला. "माफ कर रे बाबा," ती अंजनाला म्हणाली, "तुझ्यापातुर माझं गुडघं येत नायत. तुझं तूच बघ."

असं सगळ्या डोंगरात फक्त अंजनाला कुणी पाणी घातलं नाही. पावसाचे चार शिंतोडे आणि खडकाखाली कुठंतरी दडलेला ओलावा, यावर ते उभं होतं. त्याचा श्वास आणखी बारीक झाला. दिवसा ते असं आकसे, की मी सैल पडतो की काय वाटे. पण दर पहाटे ते पुन्हा भरून येई. आणि महिने सरले तशी मला एक गोष्ट जाणवली, मित्रांनो. कालच्या जागेवर परत येताना ते अगदी किंचित पुढं येत होतं. नखाच्या कडेएवढंही नाही. पण अशा दुष्काळात, कुणी थेंबभर पाणी घातलेलं नसताना, ते वाढत होतं!

मला ओरडून सांगावंसं वाटे. पण पट्ट्याला तोंड कुठं असतं? माझं बोलणं म्हणजे माझ्या टोकावरची सरकलेली रेघ.

मृण्मयी येई, चिमट्यासारख्या मापानं ती रेघ मोजी, आणि तिच्या कपाळाला आठी पडे. कारण सागांचे पट्टे भरभरून सरकले होते. "सागापेक्षा अंजन मागं?" ती म्हणाली. "अंजन तर सागाहून चिवट. हे कसं होईल?" तिनं मला नखानं टकटक वाजवून पाहिलं. "हा पट्टा अडकलाय. गंज धरला असेल." आणि तिनं माझं माप अंदाजातून वगळलं.

इतरांची वाहवा झाली. त्यांच्या रेघांवरून गणित मांडलं गेलं. मी तिथंच कड्यावर, बिघडलेला म्हणून सोडून दिलेला. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण मिठी सोडायची नसते. मी सोडली नाही.

थंडी संपता संपता मृण्मयीचा अंदाज तयार झाला. गणित सांगत होतं, की पुढं ऊन कितीही तापलं तरी या उतारावर साग चांगला वाढेल. कचेरीत तो कागद द्यायच्या आधी आनंदाची बातमी सांगायला ती पेढे घेऊन खोरवाडीत आली. एरवी ती दुपारी येई, तोवर बुंध्याची माती सुकलेली असे. या वेळी ती आली कुणाला न कळवता, अगदी सकाळी. आणि उतारावर तिला समोरून लक्ष्मीबाई भेटली, काखेत घागर.

"मावशी, इतक्या सकाळी कुठं?"

"कुठं नाय. आपलं असंच." लक्ष्मीबाईनं घागर पदराआड केली.

"भरलेली घागर घेऊन असंच?"

"मंग काय रिकामी घिऊन फिरू? लोक येडी म्हंतील."

मृण्मयीची नजर सागाच्या बुंध्याकडं गेली. आसपासची जमीन भेगाळलेली आणि बुंध्याभोवतीची माती काळी, ओली. ती एका सागापासून दुसऱ्या सागाकडं जवळजवळ पळतच गेली. सगळीकडं तेच.

"मावशी, तुम्ही सगळ्या... या झाडांना पाणी घालता?"

"आता तुमी बघितलंच, तर व्हय."

"मला सांगितलं का नाही?"

"घ्या! पाजलेलं पाणी सांगायचं असतंय का? सांगितलं की पुण्य गळतंय. तुमच्या आईनंच तर सांगितलं कीर्तनात!"

मृण्मयी मटकन एका दगडावर बसली. हातातल्या पेढ्यांचा पुडा खाली पडला. आधी तिला हसू फुटलं आणि मग डोळ्यांना धार लागली. लक्ष्मीबाई घाबरून तिच्याजवळ टेकली.

"काय चुकलं का आमचं, बाई?"

"तुमचं काही चुकलं नाही हो. मी विचारत होते, दुष्काळात ही झाडं किती वाढतात. आणि मला उत्तर मिळालं, तुमच्या घागरीनं किती वाढतात."

लक्ष्मीबाईनं इकडंतिकडं पाहिलं. मग आवाज खाली आणून म्हणाली, "मंग नका ना सांगू कुणाला. साग पास झाला म्हणायचं अन् रोपं आणायची. आमचा उतार तर वाचंल."

मला कळलं, या बाईचं सगळं आयुष्य त्या उतारात अडकलंय. मृण्मयीलाही कळलं असावं. तिनं लक्ष्मीबाईचा हात हातात घेतला. "मावशी, हजारभर रोपं लावू. सगळ्यांना पाणी घालाल?"

"कशानं घालू? टँकरनं?"

"मग ती मरतील. ती मेली, की खाणवाला म्हणेल, बघा, इथं काही उगवत नाही. मग कुणाचं तोंड उघडणार?"

लक्ष्मीबाईनं घागर खाली ठेवली.

मग मृण्मयीनं वर पाहिलं. कड्यावर, अंजनाकडं. "मावशी, त्याला कोण घालतं पाणी?"

"त्याला? कुणी नाय. गुडघं कुणाला हायत?"

मित्रांनो, मृण्मयी ज्या वेगानं कडा चढून आली, तो वेग मी विसरणार नाही. तिनं धापा टाकत माझी रेघ पुन्हा मोजली. परत मोजली. मग तिनं कपाळ खोडाला टेकवलं. "तू वाढत होतास," ती झाडाला म्हणाली, "आणि मी म्हटलं, पट्टा बिघडलाय." माझ्या अंगावरून तिनं हलकेच बोट फिरवलं. माझं सारं रुसणं त्या बोटासरशी उतरलं.

पण एका झाडावरून अंदाज पक्का कसा म्हणायचा? कदाचित साग पाण्याविनाही तगला असता. ते कळायला एकच उपाय होता. आणखी एक वर्ष सागांना पाणी घालायचं नाही. हे सांगायला पुन्हा भानुमतीबाईंनाच यावं लागलं.

"मी साधा दृष्टांत दिला गं," आमच्या सावलीत बसून त्या लेकीला म्हणाल्या.

"आई, तुझा दृष्टांत इतका रंगला, की माझं गणित वाहून गेलं!"

बाई हसल्या, पण डोळे पुसत हसल्या. त्याच दिवशी त्यांनी देवळात कीर्तन लावलं. पाणी बंद करा म्हणताच देवळात कुजबुज उठली. लक्ष्मीबाईचा आवाज मला कर्ण्यातूनही ऐकू आला. "बाई, माळकऱ्याला तहानेलं परत लावू नगा, असं तुमीच म्हणलात. अन् आता त्याचं पाणी तोडा म्हणता?"

झांज एकदा वाजली. भानुमतीबाई म्हणाल्या, "लक्ष्मीबाई, माळकरी एकादशी करतो का नाही?"

"करतोय की."

"तेव्हा आपण त्याच्या तोंडात बळंच घास कोंबतो का?"

"नाय."

"मग ही झाडं वर्षभराची एकादशी करणार आहेत. आपण त्यांचं व्रत मोडायचं नाही. कुणात किती बळ आहे, ते व्रतातच कळतं."

"निर्जळी?" लक्ष्मीबाईनं विचारलं.

"निर्जळी."

मग टाळ वाजू लागले.

त्या वर्षीही पावसानं पाठ फिरवली. लातूरला आगगाडीनं पाणी न्यावं लागलं, तेच ते दिवस. खोरवाडीनं शब्द पाळला. बायका रिकाम्या हातानं उतारावर येत, आपापल्या सागाजवळ बसत, आणि घागर भरायची सवय असलेले हात मांडीवर ठेवून परत जात. सागांनी पानं वेळेआधीच टाकली. त्यांचे पट्टे आधी थबकले, मग मागं सरकू लागले. लक्ष्मीबाईचा साग पुढच्या उन्हाळ्यात फुटलाच नाही. फांदी मोडली तर कट्कन तुटे. ती त्याला हात लावून एकच वाक्य बोलली, "तुझी एकादशी लई मोठी झाली रे." त्या दिवशी डोंगरावर मीही सुन्न होतो.

आणि अंजन? चैत्रात, भाजणाऱ्या वाऱ्यात, खडकाच्या डोक्यावर त्याला तांबूस कोवळी पालवी फुटली. माझी रेघ पुन्हा तेवढीच सरकली. नखाच्या कडेहून कमी. पण पुढं!

उतार गायरानाचा, तेव्हा त्याचा निकाल ग्रामपंचायतीनं पावसाळ्याआधी लावायचा होता. सरपंच नानासाहेब गावकऱ्यांना घेऊन वर आले आणि आमच्याच सावलीत बसले. मृण्मयीनं झालेलं सगळं सांगितलं, स्वतःचा चुकलेला अंदाजसुद्धा. "इथं साग लावू नका," ती म्हणाली. "या जागेचा कस सागापुरता नाही, आणि ऊन वाढत गेलं तर तो आणखी घटेल. इथं अंजन लावा. ते जगेल."

"किती दिवसांत सावली पडंल?" नानासाहेबांनी विचारलं.

"दिवसांत नाही, नानासाहेब. पुष्कळ वर्षं लागतील. सुरुवातीला तर वर काही दिसणारही नाही."

"म्हंजे, खाणवाला उद्या यायला तयार हाय, अन् तुमचं झाड आमी वर जाईस्तोवर येत नाय!" सगळे हसले. "एवढी वाट कोण बघणार?"

"आमी बघू," लक्ष्मीबाई उभी राहिली. "वाट बघायची सवय हाय आमाला. टँकरची बघतो का नाय? अन् नानासाहेब, डोंगर फुटला तर पुना उगवतोय का? अंजन उशिरा उगवंल, पर उगवंल तर!"

आता कुणी हसलं नाही. शेवटी नानासाहेबांनी तोड काढली. यंदा अंजनाची रोपं लावायची. पुढच्या उन्हाळ्यात ती जिवंत दिसली, तर उतार झाडांचा. नाहीतर खाणीचा.

त्या साली पाऊस भरभरून आला. बायकांनी खड्डे घेतले, कचेरीतून आलेली अंजनाची रोपं लावली. भानुमतीबाईंनी एक रोप स्वतःच्या हातानं लावलं. आम्ही वरून पाहत होतो. मी आणि त्या रोपांचा खापरपणजा.

पण पाऊस गेला, थंडी गेली, आणि फाल्गुनापासून रोपांनी माना टाकल्या. पानं गळाली. वैशाखात उतारभर नुसत्या वीतभर वाळक्या काड्या उभ्या होत्या. लक्ष्मीबाई त्यांच्यामधून फिरायची, एकेका काडीला बोट लावायची आणि झटकन हात मागं घ्यायची, मोडेल या भीतीनं. मी वरून पाहत होतो आणि माझाही धीर सुटत चालला होता.

ठरल्या दिवशी नानासाहेब आले. त्यांनी उतारावरून नजर फिरवली आणि मान हलवली. "लक्ष्मीबाई, तुमच्या कष्टाला मी नावं ठेवत नाय. पर हे काय जिवंत म्हणायचं?"

लक्ष्मीबाई एका काडीच्या आडवी जाऊन उभी राहिली.

"खणून बघा," मृण्मयी म्हणाली. "एक रोप जाईल. जाऊ दे. पण तुम्ही स्वतः खणा."

नानासाहेबांनी टिकाव मागवला, धोतर खोचलं आणि एका काडीशेजारी घाव घातला. ढेकळं निघाली, मुरूम निघाला. काडीखाली मूळ दिसलं, चांगलं बोटभर जाड, ओलसर. ते मूळ सरळ खाली गेलं होतं. नानासाहेब खणत राहिले. खड्डा गुडघाभर झाला, मूळ खालीच चाललेलं. मांडीएवढा झाला. सगळे भोवती गोळा झाले. नानासाहेब कमरेपर्यंत खड्ड्यात उतरले, हातांनी माती बाजूला करू लागले. मूळ खडकाच्या चिरेत शिरलं होतं आणि तिथूनही खाली, अंधारात, कुठं गेलं ते दिसत नव्हतं. वर वीतभर वाळकी काडी. खाली एवढं!

नानासाहेबांनी चिरेत बोटं घातली आणि बाहेर काढून पाहिली. बोटं ओली होती.

मग त्यांनी डोक्यावरची टोपी काढली.

"माती ओढा," ते हळूच म्हणाले. "झाका त्याला लवकर. देव असा उघडा ठेवू नये."

लक्ष्मीबाई खाली वाकली आणि दोन्ही ओंजळींनी माती लोटू लागली. मग सगळेच वाकले.

मित्रांनो, त्या गोष्टीला वर्षं झाली. खाणवाला दुसऱ्या डोंगराकडं गेला. ते ऐकून कुणाला हसू आलं नाही, कारण तिथंही कुणाची तरी वस्ती असेल. उतारावरची रोपं आता गुडघ्याला लागतात, काही कमरेला. पाहुणे येतात आणि म्हणतात, इतक्या वर्षांत एवढंच? खोरवाडीची माणसं त्यांना खाली जमिनीकडं बोट दाखवतात.

मृण्मयी अजूनही येते. तिनं माझ्या शेजारी एक नवा पट्टा बांधलाय. मला मात्र काढलेलं नाही. तिचा अंदाज दरवर्षी थोडा बदलतो, कारण ऊनही बदलतं आणि पाऊसही. ती म्हणते, अंदाज म्हणजे शेवटचा शब्द नव्हे, पुन्हा पुन्हा विचारायचा प्रश्न आहे.

माझं एवढंच मागणं आहे. रानात एखाद्या झाडाला माझ्यासारखा पट्टा दिसला, तर तो ओढू नका आणि त्याला हळदकुंकूही वाहू नका. झाडाला पाणी घालावंसं वाटलं तर जरूर घाला, पण त्याचा अभ्यास करणाऱ्याला तेवढं सांगून घाला. या एका गोष्टीत पुण्य गळत नाही. आणि एखादं वाळकं रोप दिसलं, तर मेलं म्हणून उपटायच्या आधी क्षणभर थांबा.

सूर्य मावळायला आला की जमलं तर एखाद्या मोठ्या झाडाला मिठी मारून उभे राहा. तुम्हाला काही जाणवणार नाही, कारण तुमचे हात पोलादाचे नाहीत. तरी उभे राहा. त्याच वेळी खाली, खडकाच्या अंधारात, कुठलंतरी मूळ ओलाव्याला टेकलेलं असतं, आणि तुमच्या मिठीतलं ते प्रचंड खोड हळूहळू भरू लागलेलं असतं.

आत्ता इथंही ऊन कललंय. थांबा... हं. भरायला लागलं.